नेलपॉलिशचा २७ नंबर

पत्र असं आलंय (थोडं कमी केलंय, बाकी त्यांच्याच शब्दांत):

"भाऊसाहेब, नमस्कार. मी पाटण तालुक्यातला, वय ६२. २००५ ला पलटणीतनं हवालदार म्हणून रिटायर झालो. पुढच्या वर्षी लायसन काढून बारा बोअरची डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, घेतली, सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीची, आणि साताऱ्यात एका बँकेच्या दारात नऊ वर्षं गनमॅनची ड्युटी केली. २०१५ ला पोराच्या इंजिनिअरिंगच्या फीला पैसे कमी पडत होते म्हणून १५ हजाराला विकली, लायसन पण जमा करून टाकलं. त्यानंतर एजन्सीने मला एका हॉस्पिटलच्या गेटवर उभं केलं, हातात काठी, पगार कमी. तेव्हापासनं त्या बंदुकीची चुटपुट हाय ती हायच. २०१८ ला वडील गेले, २०१९ ला त्यांची एकनळी वारसाने माझ्या नावावर झाली, म्हणजे आता लायसन हाय. गेल्या महिन्यात त्या एकनळीचा घोडा नीट पडत नव्हता म्हणून सांगलीत एका दुकानात दाखवायला नेली, तर मागच्या रॅकला माझीच डबल बार उभी. पलटणीत रायफलच्या दस्त्यावर बट नंबर असतो तसा माझ्या पोरीने, ती तेव्हा पाचवीत होती, आईच्या नेलपॉलिशने दस्त्यावर २७ काढला होता, माझा पलटणीतला नंबर. घासून गेलाय पण दिसतोय. बंदुकीचा नंबर पण जुन्या लायसनच्या झेरॉक्सशी जुळला. दुकानदार म्हणाला मालक सांगलीच्या गावभागातले, मागच्या वर्षी वारले, पोरं मुंबईला, त्यांना नको आहे, ४० हजार द्या. मी तिथल्या तिथं १० हजार इसार देऊन आलो. घरात सांगितलेलं नाही. मंडळी म्हणेल १५ ला विकली आणि ४० ला घेताय, येड लागलंय का. पोराला असलं काही आवडत नाही. मी चूक केली का? लायसनवर कशी चढवायची? आणि मंडळीला कसं सांगू?

— एक माजी सैनिक"

मेजर, (पाटणकडं तुम्हाला सगळा गाव मेजरच म्हणत असणार, हवालदार असा नाहीतर सुभेदार, म्हणून मीही तेच म्हणतो)

४० हजार सोडा ओ, मला काळजी वाटतेय ती तुमच्या १० हजारांची.

मी कलेक्टर ऑफिसच्या गृह शाखेत शस्त्र परवान्याच्या टेबलावर ११ वर्षं काढलीत, त्यामुळे बंदुकीचं पत्र आलं की मी आधी शेवटच्या चार ओळी वाचतो, भावना वरच्या भागात असतात आणि भानगड खाली. तुमची भानगड "मालक वारले, पोरांना नको आहे" या वाक्यात आहे. म्हणजे ती बंदूक आज नक्की कोणाची? दुकानाच्या रॅकला उभी आहे म्हणून ती दुकानदाराची झाली असं नसतं. डीलरकडं दोन प्रकारचा माल असतो, एक त्याने स्वतः विकत घेऊन रजिस्टरला स्टॉक म्हणून चढवलेला आणि दुसरा लोकांनी नुसता जमा ठेवलेला. कोण परदेशी गेलाय, कोणाचं रिन्युअल अडकलंय, कोणी वारलंय, अशा बंदुका पोलीस ठाण्यात नाहीतर लायसनवाल्या डीलरकडं जमा होतात आणि ती जमा केलेली बंदूक डीलरच्या बापाची नसते. मालक वारला की त्याचं लायसन त्याच्याबरोबर गेलं, घरच्यांना ती बंदूक घरात ठेवता येत नाही, जमाच करावी लागते, पण किंमत म्हणून जे काही आहे ते वारसांचं. त्यांनी ती आपल्या नावावर मागायची नाहीतर कायद्यात बसणाऱ्या माणसाला विकायची, त्याला मुदत असते, मुदतीत काहीच केलं नाही तर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने सरकारजमा होते.

आता बघा, पोरं मुंबईला, त्यांना नको आहे, हे दुकानदार तोंडाने सांगतोय. त्यांनी लिहून दिलंय का? सगळ्या वारसांनी दिलंय का एकट्याने? त्यांची आई आहे का, बहिणी आहेत का? आमच्याकडं एकदा तीन भावांनी सह्या करून बंदूक विकायला काढली आणि चौथ्या दिवशी बहीण दारात हजर, बाबांच्या हातची वस्तू आहे, मला विचारलं का म्हणून. तिचंही खरंच होतं. म्हणून तुम्ही आधी दुकानात जाऊन एवढंच विचारायचं की ही स्टॉकला आहे का जमा आहे, आणि रजिस्टरची एन्ट्री दाखवा. स्टॉकला असेल तर मोकळे झालात. जमा असेल तर वारसांचे कागद पूर्ण होईपर्यंत उरलेले ३० हजार खिशात राहू द्या. दुकानदार फसवतोय असं मी म्हणत नाही हं, बहुतेक तो बिचारा जागा अडलीय म्हणून गिऱ्हाईक बघत असेल, बारा बोअरला आता विचारतंय कोण, सगळ्यांना पिस्तुल पाहिजे.

लायसनचं सांगतो. तुमच्या नावावर एकनळी आहे, ही दुसरी होईल. डिसेंबर २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, त्याआधी तीन चालायची, आणि वारसाने आलेलं हत्यारही त्या दोनातच धरतात. म्हणजे तुमचा कोटा इथं संपला. दुसरं हत्यार चढवायचं म्हणजे कलेक्टर ऑफिसला अर्ज, तुमच्या ठाण्याचा अहवाल, मग परवानगी, मग खरेदी, मग लायसनवर नंबरची नोंद, हा क्रम उलटा होत नाही. लई जण आधी बंदूक ठरवतात, पैसे देतात आणि मग अर्ज करतात, तुम्ही अर्धं तेच केलंय. दुकानातून घेताय म्हणून एक गोष्ट सोपी, नाहीतर एका लायसनवाल्याने दुसऱ्याला परस्पर विकायची म्हटली तर कोणाला विकतोय त्याच्या नाव-पत्त्यासकट आधी कलेक्टरला नाहीतर ठाण्यात लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं असतं. ती पोरं उद्या म्हणाली की काका दुकान कशाला, आपण आपापसात करू, दुकानदाराचं कमिशन वाचेल, तर नको म्हणायचं.

अर्जात कारण विचारतात. इथं मला तुमच्याबद्दल शंका आहे, कारण डोंगराकडचे निम्मे अर्ज मी एकाच कारणाचे वाचलेत, रानडुकरं. खरंय, भुईमूग ठेवत नाहीत, गवे येतात ते वेगळंच. पण मेजर, तुम्हाला बंदूक रानडुकरासाठी नकोय हे तुमच्या पत्रात अक्षरन् अक्षर लिहिलंय, तर अर्जात खोटं कशाला? शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शेतात आलेलं जनावरसुद्धा आपल्या मनाने मारता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते, लायसन आहे म्हणून ती मिळाली असं होत नाही. आणि तुमचं गाव कोयना अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत असेल तर अजून एक गाठ आहे, त्या पट्ट्यातल्या लायसनवाल्याला वन्यजीव विभागाकडं नाव नोंदवावं लागतं आणि नवीन लायसन त्यांच्या संमतीशिवाय निघत नाही. तुमच्या एकनळीची ती नोंद वडिलांनी कधी केली होती का ते बघा, वडिलांच्या ट्रंकेत कागद असेल, नसेल तर आधी ते निस्तरा, नवीन अर्जाच्या वेळी तेच पुढं येतं. माजी सैनिक आहात, नऊ वर्षं हेच हत्यार विनातक्रार सांभाळलंय, जुन्या लायसनचा झेरॉक्स आहे, त्यावर हाच नंबर आहे, तेच खरं कारण सरळ मराठीत लिहा. मिळेल का? साहेबावर आहे. खरं सांगायचं तर "पूर्वी माझी होती" हे कारण कायद्याच्या पुस्तकात कुठं बसत नाही, पण टेबलावर बसलेल्या माणसाला खोट्या रानडुकरापेक्षा ते वाचायला बरं वाटतं, एवढं मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. वेळ महिन्यांत मोजायचा, आठवड्यांत नाही, आणि मध्ये आचारसंहिता लागली की अजून पुढं. तोवर बंदूक दुकानातच राहणार.

ती दुकानात आहे तोवर एक काम करा. तुम्ही नंबर बघितलात, नेलपॉलिश बघितलं, आणि मला खात्री आहे की बाकी काहीच बघितलं नाहीत. माणूस जुनं प्रेम भेटल्यावर डोळ्यांत बघतो, गुडघेदुखी आहे का विचारत नाही. मालक गावभागातले म्हणालात ना? २०१९ च्या ऑगस्टला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५, आणि गावभाग नदीच्या काठाला. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. त्या घरांत फ्रिज तरंगले, कपाटं फुगली, लोक कडेवर पोरं घेऊन बाहेर पडले, तेव्हा बंदूक कोणी डोक्यावर घेतली असेल का माळ्यावर टाकली असेल का तिथंच राहिली असेल, काही सांगता येत नाही. कृष्णेचं पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं, बारीक गाळ असतो तो, जिथं बोट जात नाही तिथं जाऊन बसतो.

तर दुकानदाराला बंदूक रिकामी आहे ना हे तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा आणि मग सुटी करायला लावा. नळ्या वेगळ्या हातात घ्या, उजेडाकडं धरून आतून बघा, हे तुम्हाला मी काय शिकवणार, तुम्ही पलटणीत पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) मारून हात झिजवलेत. आत खड्डे पडलेत का, काळे ठिपके आहेत का. मग नळ्या खालच्या आकड्याला बोटाने लटकवून नखाने नाहीतर लाकडी पेन्सिलने हलकं टिचकारायचं, देवळातल्या घंटेसारखा लांब आवाज आला तर दोन नळ्यांच्या मधली पट्टी घट्ट आहे, मडक्यासारखा बद्द आवाज आला तर डाख कुठंतरी सुटलाय आणि त्या पट्टीखाली पाणी साठून आतून गंज धरलेला असू शकतो, वरनं कितीही काळीभोर चकचकीत दिसू दे. चकचकीत दिसली तर उलट जास्त संशय घ्या, पॉलिश करून नवा रंग चढवला की गंजाचे डाग जातात पण लोखंड जेवढं खाल्लं गेलं ते परत येत नाही. मग बंदूक जोडून, नळ्यांखालचा लाकडी तुकडा काढून, दस्ता एका हातात आणि नळ्या दुसऱ्या हातात धरून हलवा, बिजागरीला खडखड लागता कामा नये. दस्ता जिथं मनगटासारखा बारीक होतो तिथं तडा आहे का बघा, लाकूड पाण्यात भिजून वाळलं की पहिलं तिथं फाटतं. आणि नंबर नळीवर, बॉडीवर, लाकडाखालच्या लोखंडावर, जिथं जिथं कोरलाय तिथं एकच आहे का ते बघा, कधीकधी नळ्या एका बंदुकीच्या आणि दस्ता दुसरीचा असतो आणि तुमचा २७ नंबर दस्त्यावर आहे, नळीवर नाही, हे लक्षात घ्या. म्हणजे असंही होऊ शकतं की अर्धीच तुमची आहे. झेरॉक्सशी कुठला नंबर जुळवलात ते तुम्ही लिहिलं नाही.

काडतुसाचं एका वाक्यात सांगतो, काडतूस बसतं त्या घराची लांबी नळीवर मिलिमीटरमध्ये, ६५ का ७०, कोरलेली असते, ६५ च्या नळीत ७० चं काडतूस बसतं पण मारायचं नाही, फुटल्यावर त्याचं तोंड उघडायला पुढं जागा राहत नाही आणि दाब वाढतो.

एवढं सगळं बघून ती चांगली निघाली तर ४० हजार जास्त आहेत का? १५ ला विकलेली म्हणून जास्त वाटतात. दहा वर्षांत दुधाचा, डिझेलचा, सोन्याचा भाव काय झाला, बंदुकीनेच काय पाप केलंय. तरी ३२-३५ ला मागून बघा, दुकानदाराला माहितीय की तुम्हाला ती पाहिजे, ती तुमची चूक, पण त्यालाही माहितीय की दुसरं गिऱ्हाईक नाही.

आता मंडळींचं. इथं मी जरा थांबणार आहे.

तुम्ही विचारलंत वहिनींना कसं सांगू, जणू १५ आणि ४० मधले २५ हजार कसे समजावू हाच प्रश्न आहे. ते समजावूच नका, समजणार नाहीत, मलाही समजत नाहीत. हौस आहे म्हणा, हौसेला मोल नाही, संसारात त्यांनीही एखादी हौस केली असेल तुम्हाला न विचारता, ती मनातल्या मनात मोजा आणि गप्प बसा. पण सांगायचं आजच, परवानगी आल्यावर नाही, बंदूक घरात आल्यावर तर नाहीच नाही. आणि त्याचं कारण पैसे नाही.

२००९-१० च्या सुमाराची गोष्ट असेल. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर माझ्या टेबलासमोर एक बाई येऊन उभी राहिली, साठीची, जतकडची, नऊवारी, डोक्यावर पदर, आणि काखेत वाकळेत गुंडाळलेलं काहीतरी लांब. एसटीने आलेली. कंडक्टरने विचारलं हे काय, तर तिने सांगितलं दांडकं हाय. तिने ती वाकळ माझ्या टेबलावर, फायलींवर, अलगद ठेवली, बाळ ठेवावं तशी. मालक दोन वर्षांपूर्वी वारले होते, बंदूक कणगीच्या मागं उभी होती, कोणालाच काही माहीत नव्हतं, पोरं कामाला बाहेर, शेवटी तलाठ्याने सांगितलं की जमा कर नाहीतर केस होईल म्हणून ती एकटी घेऊन आली. मी ठाण्यातून हवालदाराला बोलावलं, त्याने वाकळ सोडली, बंदूक मधून उघडली, आणि एका नळीत काडतूस होतं. जिवंत. दोन वर्षं कणगीमागं तसंच, घरात नातवंडं खेळत होती, आणि जतपासून सांगलीपर्यंत एसटीच्या सीटखाली तसंच. आमच्या अख्ख्या हॉलमध्ये कोणी बोललं नाही. तिला काडतूस म्हणजे काय ते हवालदाराने हातात घेऊन दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्यांनी मला कधी हात लावू दिला न्हाई ओ, बाईमाणसाचं काम न्हवं म्हणायचे." आणि मग विचारलं, आता माझ्यावर केस हुईल का. झाली नाही, साहेब चांगले होते, वारस म्हणून जमा करून घेतली. पण त्यानंतर लायसन रिन्यू करायला कोणी आला की मी त्याला विचारायला लागलो, घरात अजून कोणाला ही उघडता येते? लोक माझ्याकडं असे बघायचे जणू मी त्यांच्या घरातलं काहीतरी वाईट विचारलंय.

म्हणून मेजर, तुम्ही ६२ चे. देव करो आणि तुम्ही शंभरी गाठा, पण हिशेबाने ती बंदूक शेवटी वहिनींना ठाण्यात न्यावी लागणार आहे, आणि आता एक नाही, दोन. तुमच्या वडिलांच्या एकनळीचं काय झालं आठवा, २०१८ ला ते गेले आणि २०१९ ला तुमच्या नावावर झाली, मधल्या काळात ती जमा होती ना? तुम्ही फौजी म्हणून तुम्हाला कळलं, फेऱ्या मारल्यात. वहिनींना ते कळेल का? तेव्हा त्यांना सांगताना असं सांगा की मी ही परत घेतोय, आणि घरी आल्यावर पहिल्या दिवशी तुला उघडून दाखवणार आहे, रिकामी कशी ओळखायची, काडतुसं वेगळी कुठं ठेवलीत, कपाटाची किल्ली कुठं, आणि मी नसलो तर कोणाला फोन करायचा. (कपाट म्हणालो, खुंटी नाही. अर्जातच विचारतात सुरक्षित ठेवायला जागा काय आहे, आणि माजघरातल्या खुंटीवरची बंदूक फोटोतच बरी दिसते.) यावर त्या नको म्हणाल्या, मला त्या घरात भीती वाटेल म्हणाल्या, तर मेजर, इसार बुडवा. ते माझं मत आहे, तुम्हाला पटणार नाही.

चूक केली का हे तुम्ही पहिल्यांदा विचारलंत आणि मी शेवटाकडं आलोय. चूक वाटत नाही. पण चुटपुट कशाची आहे ते एकदा बघून घ्या, कारण तुमच्या पत्रात ती हॉस्पिटलच्या गेटच्या वाक्याला लागूनच येते. गनमॅनचा वॉचमन झाला, ते लागलंय. नऊ वर्षं बँकेत येणारा माणूस नमस्कार मेजर म्हणून आत जायचा आणि नंतर तोच माणूस हॉस्पिटलच्या गेटवर गाडी कुठं लावू विचारायला लागला. ते बंदूक परत आणून परत येत नाही, आणि तुम्ही आता ड्युटी करणारही नाही, करूही नका. ज्या कारणासाठी विकलीत ते तर सफळ झालं, पोरगा इंजिनिअर झाला ना? का झाला नाही, तेही लिहिलं नाहीत. मग खंडेनवमीला पाटावर एकनळीशेजारी डबल बार ठेवायची, हळदकुंकू लावायचं, वर्षातनं दोनदा तेल द्यायचं, एवढ्यासाठी घ्यायची असेल तर मोकळ्या मनाने घ्या. गावच्या जत्रेत नाहीतर भाच्याच्या वरातीत हवेत बार काढायचा कोणी आग्रह केला तर मात्र ऐकू नका, आता त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि लायसन जातं ते वेगळंच.

आणि एक राहिलं. तुम्ही पोराला आवडत नाही म्हणून वारसाचा विषय तिथंच मिटवलात. पण सगळ्या पत्रात बंदुकीला हात लावलेला तुमच्याशिवाय एकच माणूस आहे, जिने पाचवीत असताना आईचं नेलपॉलिश ढापून दस्त्यावर २७ काढला. ती आता तिशीची असेल, तिच्या घरी असेल. मुलगीही वारस असते, कायद्याने मुलगा-मुलगी असा फरक नाही, आणि सत्तरी झाली किंवा हत्यार पंचवीस वर्षं आपल्याकडं असलं की जिवंतपणी वारसाच्या नावावर करायला अर्ज करता येतो, म्हणजे आठ वर्षांनी तुम्हाला करता येईल. तिला पाहिजे असेल असं मी म्हणत नाही. बंदूक सापडली एवढं तरी सांगितलंत का तिला? दुकानात पुढच्या खेपेला जाल तेव्हा दस्त्याचा फोटो काढून तिला पाठवा, आणि ती काय म्हणते ते मला कळवा, माझ्या उत्सुकतेसाठी.

जाताना वहिनींना बरोबर न्या, एकनळी घरी ठेवून, दोन्ही एकदम नको. आणि १० हजारांची पावती घेतलीत का ते पत्रात नाही. नसेल तर या शनिवारीच जाऊन घ्या, त्यावर बंदुकीचा नंबर लिहायला लावा आणि "परवानगी न मिळाल्यास इसार परत" एवढे पाच शब्द.

— भाऊसाहेब, विश्रामबाग, सांगली